तंबाखूला कधी हात लावला नाही

माझ्या थोरल्या जाऊबाई दिवाळीनंतर माझ्याकडे राहायला आल्या, त्या डॉक्टरांनी ऑपरेशन करायला नकार दिला म्हणून.

त्यांना घरात सगळे आक्का म्हणतात, मीही. मंगळवेढ्यापासून आत त्यांचं गाव. माझे थोरले दीर ज्वारी करतात आणि आक्का शेळ्या सांभाळतात, अशी त्या घराची वाटणी माझ्या लग्नापासून मी बघत आले. माहेरहून आणलेल्या एका शेळीचा तो सगळा विस्तार. सकाळी शेळ्या सोडायच्या, त्यांच्यामागे रानोमाळ फिरायचं, दिवस कलला की वस्तीवर आणून कोंडायच्या. मग गुडघे गेले. आधी उतारावर दुखायचे, नंतर सपाटीवर, शेवटी बसल्या जागी. घरापासून वस्तीपर्यंतही जाता येईना. दुसऱ्या कुणाबरोबर शेळ्या चाललेल्या त्या पायरीवर बसून बघायच्या आणि तिथूनच ओरडायच्या, "आरं, बांडीला पुढं नगो घालू, ती भांडती!"

दिरांनी त्यांना स्पष्ट सांगून टाकलं होतं. "तुजं गुडघं हूस्तवर मी बगतो. पर ज्वारीची काढनी आली की मला जमनार न्हाय. तवर उटलीस तर ठीक, न्हायतर शेळ्या देऊन टाकनार."

म्हणून आक्कांना ऑपरेशनची घाई होती. गुडघे दुखतात म्हणून नव्हती, ते दुखणं त्यांनी कित्येक वर्षं काढलं होतं.

मी रजा टाकून त्यांना सोलापुरातल्या सांध्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण, बोलायला शांत. एक्स-रे बघितला, म्हणाले, दोन्ही वाट्या बदलाव्या लागतील. आक्कांचा चेहरा उजळला. मग त्यांनी रक्ताचे रिपोर्ट बघितले, आक्कांना काट्यावर उभं केलं, आणि म्हणाले, "पण आत्ता नाही."

त्यांनी कारण नीट सांगितलं. ही काही तातडीची शस्त्रक्रिया नव्हे. साखर एवढी असताना जखम भरत नाही. सांध्यात पू झाला तर बसवलेलं सगळं काढावं लागतं, मग आत्ता आहे त्यापेक्षा वाईट. तीन महिने घ्या. साखर खाली आणा, वजन उतरवा, बसल्या बसल्या करायचे व्यायाम दाखवतो ते करा. तंबाखू असेल तर पूर्ण बंद.

"तंबाखू आहे का?"

आक्कांनी कानाच्या पाळ्यांना हात लावला. "न्हाय जी. तंबाकूला कधी हात लावला न्हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मीही म्हणाले, नाही, त्यांना तसलं काही व्यसन नाही. त्यांनी तसं लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर आक्का बाकावर बसल्या त्या उठेचनात. "गुडघं दुकत्यात म्हनून चालता येत न्हाय. चालत न्हाय म्हनून वजन वाढलं. आन वजन वाढलं म्हनून गुडघं करनार न्हायीत. ह्यो डाक्टर हाय का जत्रंतला पाळना?"

"तीन महिने माझ्याकडे राहा," मी म्हणाले. "गावात हे जमायचं नाही. दिवसभर कुणी ना कुणी येतं, आणि आलेल्या प्रत्येकाबरोबर तुम्ही कपभर गोड चहा पिता."

"मग काय आल्या मानसाला नुसतं पानी पाजून लावून दिऊ?"

"माझ्याकडे कुणी येत नाही," मी म्हणाले. ते खरं होतं.

जुळे सोलापुरात माझा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. माझा नवरा आदल्या श्रावणात गेला. मुलगा पुण्यात नोकरीला. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते; दहावा-तेरावा झाल्यावर लगेच कामावर जायला लागले. लोक म्हणायचे, धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. आत काही हलत नव्हतं, एवढंच. बँकेतलं नाव बदललं, गॅसचं बदललं, कपडे धुऊन वाटून टाकले. जेवायची वेळ झाली की जेवायचे. भूक लागली म्हणून जेवले असं त्या काळात एकदाही झालं नाही. त्यामुळे घरात आणखी एक माणूस येणार याचं मला बरंही वाटलं नाही आणि वाईटही. मधल्या खोलीतली कॉट रिकामी होती, तिच्यावर गादी टाकली.

काम नेमून दिलं की मी ते करते. साखरेचा डबा वरच्या फडताळात ठेवला, जिथे आक्कांचा हात पोचत नव्हता. भात बंद केला. भाकरी ज्वारीचीच, पण त्या तीन खायच्या, त्या दीडवर आणल्या. शेंगाचटणी चमच्याने मोजून. त्यावर पहिल्या आठवड्यात आमचं भांडण झालं.

"चमच्यानं चटनी वाढती व्हय गं? औषद हाय का?"

"तेल असतं त्यात."

"तेल न्हाय तर मग काय घालत्यात, पानी? दीड भाकरीनं पोटाचं कोपरंबी भरंना. तुला भूकच न्हाय, तवा तुला माजी कळंना."

पाव चमचा चटणी जास्त वाढली, तेवढंच.

व्यायाम सकाळ-संध्याकाळ. कॉटवर आडवं होऊन गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्याने ती दाबायची. मग पाय सरळ ठेवून वर उचलायचा, धरायचा, खाली ठेवायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मोजून करा. आक्कांना दहाच्या पुढे मोजायचा कंटाळा. त्यांनी स्वतःची पद्धत काढली. एका शेळीमागे एकदा पाय उचलायचा. "ही बांडीची. ही काळीची. ही तुटक्या कानाची. ही तिच्या लेकीची." कळप संपला की पाय बदलायचा. कधी मध्येच थांबायच्या. "तुटक्या कानाची झाली का?" मी म्हणायचे, झाली. "मग तिची लेक ऱ्हायली." मला हळूहळू सगळा कळप पाठ झाला, पण प्रत्यक्षात मी त्यातल्या निम्म्या शेळ्या ओळखल्या नसत्या.

संक्रांतीला बिल्डिंगमधल्या बायका आक्कांसाठी वाण घेऊन आल्या. आक्कांच्या हातावर तिळगूळ ठेवला गेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी नाही अशी मान हलवली. त्यांनी तो तसाच मुठीत धरून ठेवला. बायका गेल्यावर मूठ उघडून माझ्यासमोर धरली, तिळगूळ घामाने विरघळला होता. "गोड खायचं न्हाय, नुसतं बोलायचंच," म्हणाल्या. "असली संक्रांत मी जल्मात बगितली न्हाय."

पण साखर उतरली. वजनही उतरलं. आक्कांच्या चोळ्या सैल झाल्या, कॉटवरून उठताना भिंतीचा आधार पुरायला लागला. संध्याकाळी बिल्डिंगच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीभोवती एक फेरी मारायच्या. माघात डॉक्टरांनी नवे रिपोर्ट बघितले आणि म्हणाले, छान. तारीख दिली. दिरांना फोन करून आक्कांनी ती तारीख इतक्या मोठ्याने सांगितली की खालच्या मजल्यावरच्यांनाही कळली असावी. "काडनीच्या आदी मी हुबी ऱ्हाते बगा. तवर शेळ्यांना पानी दावत जावा येळंला."

ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंची तपासणी असते. छातीचा आवाज ऐकला, रक्तदाब घेतला. मग म्हणाल्या, "आजी, आ करा."

आक्कांनी आ केला. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारली आणि ती बराच वेळ तशीच धरली.

"तंबाखू खाता?"

"न्हाय जी. कधी हात लावला न्हाय."

"मग हिरड्या अशा काळ्या कशाने झाल्या?"

"ती मिसरी हाय. दात घासते की मी."

"दिवसातून किती वेळा घासता?"

आक्का मनापासून आठवून सांगायला लागल्या. "सकाळी उटल्यावर. च्या पिल्यावर. जेवल्यावर. मोकळी बसले की. झोपताना."

"आजी, मिश्री कशाची करतात?"

"तंबाकूची," आक्का म्हणाल्या. "पर आमी ती जाळून घेतोय की."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला काय माहीत नव्हतं? दिवाळीनंतर महिन्याभरात आक्कांची मिश्री संपली तेव्हा मीच त्यांना बाजारातून तंबाखू आणून दिला होता. माझ्या गॅसवर, माझ्या तव्यावर त्यांनी तो काळा होईपर्यंत भाजला. धुराने मी खोकून खोकून गॅलरीत गेले, समोरच्या फ्लॅटमधली बाई काय जळतंय म्हणून विचारायला आली. पाटा नाही म्हणून आक्कांनी तो माझ्या मिक्सरमध्ये वाटला आणि डबीत भरला. तो तवा मी दोनदा घासला. रोज सकाळी त्या गॅलरीत बसून डाव्या हाताच्या बोटाने मिश्री लावत असायच्या आणि मी तिथेच कपडे वाळत घालत असायचे. माझी आई लावायची, सासूबाई लावायच्या, आमच्याकडच्या निम्म्या बायका लावतात. तंबाखू खातात ते पुरुष. हातावर मळतात, ओठात धरतात, थुंकतात. बायका दात घासतात. हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि कुणी शिकवायची गरजही नव्हती. तंबाखू आहे का म्हणून विचारल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आक्कांची डबी आलीच नाही.

सांध्यांचे डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "शाळेत काम करता म्हणून तुमच्याकडून मी जरा जास्त अपेक्षा ठेवली होती," एवढंच. मग समजावलं. जाळली तरी ती रक्तात जातेच. रक्तवाहिन्या आखडतात, जखमेला रक्त पोचत नाही. एवढी मेहनत घेऊन आता कशाला धोका पत्करायचा? सहा आठवडे पूर्ण बंद करा, मग करू. तातडीचं नाही ना हे.

"माजं हाय की तातडीचं," आक्का म्हणाल्या. डॉक्टरांना ते कळलं नाही, आणि मी समजावून सांगितलं नाही. शेळ्यांचं काय सांगणार? डॉक्टरांचं म्हणणं बरोबर होतं.

रिक्षातून आक्का घरी आल्या, डबी काढली आणि माझ्या हातात दिली. "तूच टाक. मी टाकली तर पुन्यांदा हात घालून काडंन." मी ती संडासात रिकामी केली, डबी घासून कोरडी केली आणि त्यांना परत दिली. तिच्यात मी बडीशेप भरून दिली होती.

मिश्री सुटणं साखरेपेक्षा फार अवघड गेलं. पहिले काही दिवस त्यांचं डोकं उठायचं. पोट साफ होईना. मिश्री लावल्याशिवाय पोटाला कळतच न्हाय सकाळ झाल्याली, असं म्हणायच्या. मी इसबगोल आणलं. टूथपेस्ट दिली तर, "ह्याला काय चव हाय? नुसता फेस. साबनानं तोंड धुतल्यागत वाटतंय." माझ्यावर चिडायच्या, टीव्हीवर चिडायच्या, गॅलरीतल्या कबुतरांवर चिडायच्या. आणि नेमक्या त्याच त्याच वेळांना गॅलरीत जाऊन बसायच्या. एकदा मी मागून बघितलं, डाव्या हाताचं बोट तोंडात होतं आणि हिरड्यांवरून फिरत होतं. बोट कोरडं होतं. काही लावलेलं नव्हतं. मी कपडे वाळत न घालता परत आत आले.

त्याच काळात एक दिवस दुपारी ऑफिसात दिरांचा फोन आला. माझ्या लग्नानंतर थोरले दीर माझ्याशी फोनवर पहिल्यांदाच बोलत होते. आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट फारसं बोलत नाही; काही असलं की माझा नवरा मध्ये असायचा. आता मध्ये कुणी नव्हतं.

"बाई, मी बोलतोय."

"बोला दादा."

"शेळ्या दिल्या." मग थोडं थांबले. "सकाळी टेंपो आला हुता. मानसं मिळंनात काडनीला, मी एकटा कुटं कुटं बगू? दोन दिस कोंडूनच ऱ्हायल्या त्या. तितं वरडत्यात, मी हितं रानात. तारीक पुडं गेली म्हनल्यावर मग..."

"बरं," मी म्हणाले.

"तिला आत्ता सांगू नगा. रगतदाब चडंल तिचा. ऑपरेशन हून जाऊ द्या, मग मी सांगतो."

"बरं."

फोन ठेवला. डबा उघडला. वांग्याची भाजी होती. सगळी खाल्ली, डबा धुतला, मुलांच्या दाखल्यांचं काम राहिलं होतं ते संपवलं.

संध्याकाळी घरी गेले तर आक्का कॉटवर टॉवेलची गुंडाळी करून वाट बघत होत्या. "ये. माजं मोजायला कुनी न्हाय." मी शेजारी बसले. त्यांनी पाय उचलला. "ही बांडीची. ही काळीची." मी ऐकत राहिले. "तुटक्या कानाची झाली का?"

"झाली," मी म्हणाले.

असे काही दिवस गेले. माझ्या मनात काही कालवाकालव झाली असं मी म्हणणार नाही. झाली असती तर मी लिहिलं असतं. मी फक्त विचार करत होते. माझा नवरा गेला त्या दिवशी मला ऑफिसातून रिक्षात बसवून नेलं होतं. बरोबरचे सांगत होते, बरं नाहीये जरा, दवाखान्यात आहेत. रिक्षातल्या सगळ्यांना माहीत होतं, दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या नातेवाइकांना माहीत होतं. शेजारीण तर माझ्यासाठी घरून साधी, फिकी साडी घेऊन आली होती. मी मात्र वाटेत रिक्षा थांबवून शहाळं घेतलं होतं, त्यांना लागेल म्हणून. ते शहाळं मी हातात धरून आत गेले. माझं वाईट व्हावं असं कुणाच्याच मनात नव्हतं. सगळे माझ्या काळजीनेच गप्प होते.

आता ऑपरेशनच्या कागदावर सही आक्कांची होणार होती. त्या भुकेल्या राहिल्या, तोंडातली सवय सोडली, रोज पाय उचलला, ते ज्याच्यासाठी, ते आता नव्हतं. सही करायची की नाही हे त्यांनी माहीत असताना ठरवायला हवं होतं.

रविवारी दुपारी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. मी म्हणाले, "आक्का, शेळ्या गेल्या. दादांनी दिल्या."

त्यांचा हात थांबला नाही. "कवा?"

"गेल्या आठवड्यात. काढणीला माणसं मिळेनात म्हणून."

"बांडीबी?"

"सगळ्या."

"गाभन हुती ती," आक्का म्हणाल्या. आणखी चार काड्या निवडल्या. मग म्हणाल्या, "मिसरी हाय का गं घरात?"

"नाही."

"खालच्या दुकानात असंल."

"असेल. मी आणून देणार नाही. तुम्हाला जायचं असेल तर जा. पण मग ही तारीख गेली, पुन्हा सहा आठवडे."

"तीन जिनं कशी उतरू मी?"

"लिफ्ट चालू आहे."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. "लई खडूस हायीस गं तू."

मी निवडलेली मेथी घेऊन स्वयंपाकघरात गेले. ती धुतली, चिरली, भाजी फोडणीला टाकली. कान दाराकडे होते. दार वाजलं नाही. नंतर बघितलं तर त्या तिथेच बसल्या होत्या आणि देठं गोळा करून पेपरात गुंडाळत होत्या. शेळ्यांना टाकायला देठं गोळा करायची ती सवय; माझ्याकडे आल्यापासून रोज गोळा करायच्या आणि रोज मी ती कचऱ्यात टाकायचे. त्या दिवशी त्यांनी ती पुडी स्वतः उठून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

दिवेलागणीला हाक मारली. "टावेल आन."

मी गुंडाळी करून गुडघ्याखाली सरकवली. पहिल्या काही वेळा त्यांनी पाय नुसताच उचलला, तोंडाने काही नाही. मग धाप लागली तशी पुटपुटायला लागल्या. "ही बांडीची. ही काळीची." संपूर्ण कळप केला. पाय बदलला, पुन्हा संपूर्ण केला. शेवटी पाय खाली ठेवून छताकडे बघत म्हणाल्या, "शेळ्या गेल्या त्या गेल्या. गुडघं तरी घेऊन जाते घरला."

ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं. तोंड पुन्हा तपासलं, रक्त तपासलं, सगळं डॉक्टरांना हवं तसं होतं. दीर गावाहून आले, स्वच्छ धोतर नेसून कॉटच्या पायाशी उभे राहिले. आक्कांना शुद्ध येऊन बराच वेळ झाला होता. दीर घसा खाकरत होते, आता कसं सांगावं म्हणून.

आक्काच म्हणाल्या, "बांडी कुनाला दिली?"

दिरांनी माझ्याकडे बघितलं. मी सलाइनच्या बाटलीकडे बघत होते. "म्हाईत न्हाय," ते म्हणाले. "येपाऱ्याला दिल्या सगळ्या."

"बरं," आक्का म्हणाल्या. "ज्वारी कशी हाय?"

"बरी हाय."

त्यापलीकडे त्यांचं त्या विषयावर माझ्यासमोर बोलणं झालं नाही. दिरांनी पुन्हा मला कधी थेट फोनही केला नाही.

दुसऱ्या दिवशी व्यायाम करून घ्यायला एक पोरगी आली. पाय उचला म्हणाली. दुखत असणार, आक्कांच्या कपाळावरच्या शिरा दिसत होत्या. पण उचलला आणि ओठ हलायला लागले. पोरीने वाकून ऐकलं आणि मला विचारलं, "आजी काय म्हणतायत? देवाचं काही आहे का?"

"मोजतायत," मी म्हणाले. "मोजू दे."

जखम छान भरली. डॉक्टर म्हणाले, बघा, तयारी करून आल्याचा हा फायदा. ते खोटं नव्हतं. त्याच मजल्यावर एका बाईंची जखम चिघळलेली मी रोज बघत होते. आक्का वॉकरवरून काठीवर आल्या, काठीवरून नुसत्या पायावर. मग गावी गेल्या. मधली खोली रिकामी झाली. मी गादी गुंडाळून ठेवली आणि साखरेचा डबा खाली आणला.

उन्हाळा संपत आला तेव्हा शाळेला सुट्टी होती म्हणून मी गावी एक चक्कर मारली. आक्का दारात उभ्या होत्या. पायरीवर बसल्या नव्हत्या. चहा केला, त्यांनी बिनसाखरेचा घेतला, मला दोन चमचे घालून दिला. दुपारी आम्ही वस्तीवर गेलो, चालत. दावणीचे खुंटे तसेच होते, जमीन झाडून साफ केलेली. आक्कांनी एक खुंटा हलवून बघितला आणि पायाने ठोकून परत पक्का बसवला. तेवढंच. आम्ही परतलो.

संध्याकाळच्या एसटीसाठी त्या मला फाट्यापर्यंत सोडायला निघाल्या. नको म्हटलं तर, "गुडघं काय ठिवून द्यायला केलं का?" म्हणाल्या. फाट्यावर झाडाखाली उभ्या राहिल्या, कमरेची पिशवी सोडली आणि डबी काढली. तीच डबी. डाव्या हाताचं बोट आत बुडवलं, काळं झालं, तोंडात गेलं.

मी बघत होते. त्यांनाही माहीत होतं मी बघतेय.

"पुढच्या महिन्यात डॉक्टरांना दाखवायचंय," मी म्हणाले. "विचारलं तर काय सांगायचं?"

बोट फिरवत फिरवतच म्हणाल्या, "सांग की. तंबाकूला कधी हात लावला न्हाय म्हनावं."

मी काही बोलायच्या आत रस्त्यापलीकडून कुणाच्या तरी शेळ्या आल्या. त्यातली एक फुटून डांबरी रस्त्याच्या मधोमध आली आणि लांबून एक ट्रॅक्टर येत होता. शेळ्यांचा मालक मागे, फोनवर बोलत. आक्कांनी डबी माझ्या हातात कोंबली आणि गेल्या. ज्या बाईला तीन महिने मी कॉटवरून उठताना हात दिला होता, ती रस्त्याच्या कडेचा उतार उतरून, घशातून हुर्रर्र करत शेळीच्या आडवी गेली, तिचा कान धरला आणि ओढत नेऊन तिला कळपात सोडलं. मग फोनवाल्याला काय काय ऐकवलं ते मला लांबून कळलं नाही, पण तो फोन खिशात घालून मान खाली घालून चालायला लागला. आक्का परत आल्या. धाप लागली होती. गुडघ्यांकडे त्यांनी बघितलंही नाही.

"परक्याची हाय," म्हणाल्या, "पर मरायची की उगं." डबी माझ्या हातातून घेतली, पिशवी कमरेला खोचली.

एसटी आली. खिडकीतून त्यांनी एक गाठोडं आत दिलं. "भाकरी हायत. वाटंत खा. तू खायची न्हायीस म्हाईत हाय मला, पर आसू दे."

एसटी हलली. त्या रस्त्याच्या कडेने घराकडे परत निघालेल्या दिसल्या, थोड्या डोलत, पण न थांबता. वळणावर दिसेनाशा झाल्या.

मंगळवेढा यायच्या आधी मला पोटात काहीतरी झाल्यासारखं वाटलं. आधी वाटलं एसटी लागतेय. मग लक्षात आलं, भूक लागली होती. घड्याळ बघितलं, जेवायच्या वेळेला अजून बराच अवकाश होता. मी गाठोडं सोडलं. ज्वारीच्या भाकऱ्या, मध्ये हाताने थापल्यासारखा जाड शेंगाचटणीचा थर, चमच्याने मोजलेला नाही. शेजारच्या सीटवरच्या बाईला विचारलं, ती नको म्हणाली. मी एक भाकरी खाल्ली. मग दुसरी घेतली.